गाळातली दोनशे वर्षं

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघतेय, असं वहिनीच्या पत्रातून कळलं. आनंद झाला, पण त्याआधी एक कबुली द्यायचीय. समोर बसून सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या उत्खननावर मी खापरं धुवायला होते, तेव्हाची गोष्ट. वरच्या थरातली तांबडी, खालच्या थरातली काळी आणि मधे हातभर गाळ. एका दुपारी माझा पाय लागून दोन्ही टोपल्या कलंडल्या. खापरं अजून चिखलाने माखलेली, रंग कळेना; तू ओरडशील म्हणून मी अंदाजपंचे भरल्या. काही काळी तांबड्यांत गेली. तेवढ्यावरून तू लिहिलंस, की दोन्ही भांडी एकाच काळात वापरात होती, वस्तीत खंड पडलाच नाही. उत्खननातला तुझा जिवलग मित्र चष्मिस घसा फोडून सांगत होता, की गाळ साचला ती दोनशे वर्षं तिथे कुणी राहत नव्हतं, टोपल्यांत घोळ आहे. त्याने मला विचारलंही होतं. मी कानांवर हात ठेवले. त्याने माझं नाव घेतलं नाही आणि तू भर सभेत त्याला खोटारडा ठरवलंस. तो काम सोडून गेला. बावीस वर्षं झाली. छापायच्या आधी दुरुस्त कर, दादा.

चिडलास तर चीड, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
धांदरट

दि. ११ फेब्रुवारी

चि. धांदरटबाईंस,
अनेक आशीर्वाद.

नाव शोभतं तुला! पण रागवू कोणत्या तोंडाने? मला तेव्हाच कळलं होतं. तांबड्यांच्या टोपलीतली खापरं मी स्वतः मोजून दिली होती, चौऱ्याऐंशी. परत आली सत्त्याण्णव. मी वहीतला आकडा खोडला, कारण सगळं माझ्या मनासारखं जुळत होतं. आणि बावीस वर्षं तुला कुढत ठेवलं, याची लाज वाटते.

आता कालखंडांचा तक्ता बदलतोय. मधे दोनशे वर्षांची कोरी पट्टी येईल, तीही त्याच्या नावाने. रविवारी त्याच्याकडे जातोय.

आता तरी नीट झोपत जा.

तुझा,
दादा

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

जाऊन आलो. शाळामास्तर होऊन निवृत्त झालाय, कुंड्यांना पाणी घालत होता. सगळं ऐकून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझ्याबद्दल म्हणाला, पोर होती, घाबरली. माझी खोडलेली वहीही त्याने तेव्हाच पाहिली होती. मग सभेत वहीबद्दल का बोलला नाहीस, असं मी विचारलं. तू स्वतःहून बोलशील असं वाटलं होतं, म्हणाला.

पहिली पाच वर्षं त्याने माझ्या पत्रासाठी रोज टपाल पाहिलं. पुढची पाच, माझं नाव निघालं की तो उठून जायचा. त्यानंतर त्याला काहीच वाटेनासं झालं. तक्त्यात नाव घालू नकोस, तेव्हा हवं होतं, एवढं बोलून तो पुन्हा कुंड्यांकडे वळला.

घरी येऊन त्याला पत्र लिहायला बसलो. सगळं लिहून झालं. शेवटी लोभ असावा एवढंच राहिलं होतं. ते काही लिहवेना, म्हणून तुला लिहितोय.

तुझा,
दादा