बेकतूर बातीर कोणाचा

प्रिय मीरिम,

तू ज्यात झोपलीस तो पाळणा मी केला. घराचं फाटक आणि त्यावरची एडक्याच्या शिंगांची नक्षी, तुझ्या आईची चूल, मशिदीच्या घुमटावरची चंद्रकोर, ओमोरकुल आबांच्या खोगिराच्या रिकिबी, आणि चौकात उभ्या असलेल्या वीर बेकतूर बातीरच्या पुतळ्यातल्या घोड्याचं तांब्याचं शेपूट. हे सगळं कोणापाशी न शिकता या दोन हातांनी केलं, आणि यातलं एकही आजवर मोडून परत आलेलं नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की बाप हट्टी आहे. हट्टी आहेच. पण हात कशाला लावायचा आणि कशाला नाही हे त्याला कळतं, एवढं मनात धरून वाच.

तुझं लग्न अडलं आहे, मीरिम. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मी ओरडलो असतो, आणि तुझ्या आईने फोन हिसकावून 'काही नाही गं, इथे वारा सुटलाय' असं म्हणून ठेवून दिला असता. म्हणून हे पत्र. मार्शरूतका व्हॅनच्या ड्रायव्हरला बजावलंय, तुझ्याच हातात द्यायचं.

शुक्रवारी शार्शेन व्याही दोन गाड्या भरून आले, मेजवानीचा दिवस पक्का करायला. विहीणबाई होत्या, तुझा नवरदेव तालान होता, व्याह्यांचे भाऊ होते. घरात पाऊल टाकायच्या आधी म्हणाले, आधी बातीरला सलाम, मग जेवण. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या हिवाळ्यात जुनं शेपूट गळून पडलं होतं तेव्हाचं तुला आठवत असेल. शेपूट कापलेला घोडा म्हणजे धनी मेलेला घोडा. मग कोणाची नवरी त्याच्यासमोर फुलं ठेवील? लग्नाच्या गाड्या चौक टाळून नदीकाठाने जायच्या. मी तांबं ठोकून ठोकून नवं शेपूट केलं, आणि लढाईला निघताना बांधतात तशी त्याला गाठ मारली. व्याह्यांनी घोड्याभोवती फेरी मारली, शेपटावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "व्याही, हे तर जिवंत आहे हो! जरा लांब उभे राहा, लाथ बसायची." मोठ्याने हसले. मीही हसलो.

मग ते चौथऱ्यावर चढले. त्यांच्या धाकट्या भावाने फोन उंच धरला. ते निवडणुकीला उभे आहेत, हे तुला माहीत आहेच. फुलं ठेवली, टोपी काढली, आणि गावच्या म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाले, "लोकहो, आज मी पाहुणा म्हणून आलेलो नाही. मी घरी आलोय. कोकंदच्या खानाच्या किल्ल्यावर ज्याने पहिला घोडा घातला, तो हा बेकतूर बातीर माझा खापरपणजोबा!"

तो व्हिडिओ तू पाहिला असशील. टाळ्या वाजतात तिथेच तो संपतो. टाळ्या त्यांच्या भावांच्या होत्या. त्याच्यापुढचं कोणी दाखवलं नाही, म्हणून मी सांगतो. गावच्या म्हाताऱ्यांत ओमोरकुल आबा काठीवर रेलून उभे होते. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा मिटला, मग एकेक बोट मिटत गेले, ओठ हलत होते. ते कोणाचे बाप मोजत होते ते मला पहिल्या बोटालाच कळलं. तुझे. मी, माझे बाबा, आजोबा, पणजोबा, बेकतूर. मूठ मिटली. मग दुसरा हात उचलला आणि तालानचे मोजले. शार्शेन, त्याचा बाप, त्याचा आजोबा, असं करत तीही मूठ पाचव्या बोटाला बेकतूरवरच मिटली. दोन्ही मुठी तशाच समोर धरून ते म्हणाले, "शार्शेन, पोरा, तोंड आवर. सातव्या बापाच्या अलीकडे दोघांचा बाप एक निघाला तर लग्न होत नाही, आणि तू पाचव्यावर आलास. हे लग्न कोणाचं लावतोयस, भावाबहिणीचं?" व्याह्यांचा ड्रायव्हर फिदीफिदी हसला आणि गाडीकडे वळला. विहीणबाईंनी ओढणीचं टोक तोंडात धरलं.

व्याह्यांना बातीरचा मोह आवरला नाही, आणि नातं मोजायचं राहून गेलं. एवढंच झालं होतं, मीरिम. वसंतात तुझ्या कानात सोयरिकीचे डूल घालायला आले तेव्हा याच माणसाने स्वतःचे सात बाप आपल्या बैठकीत बसून सांगितले होते. सगळे तलासकडचे. त्यात बेकतूर नव्हता. नावं मला आजही पाठ आहेत. त्या दिवशी आबा आजारी होते, म्हणून त्यांनी ती ऐकली नाहीत. मी ऐकली, तुझ्या आईने ऐकली. चौकातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. 'व्याही खोटं बोलतायत' म्हणालो असतो तर पाहुण्याची अब्रू भर चौकात गेली असती, आणि त्या घरात तुला कोणी सुखाने नांदवलं नसतं. गप्प राहिलो असतो तर त्या क्षणापासून तू तालानची बहीण. मी म्हणालो, "आबा, जेवण निवतंय." भेकड म्हण की शहाणा, तू ठरव.

जेवण कसलं! मेंढ्याचं डोकं व्याह्यांपुढे ठेवलं. रीतीप्रमाणे त्यांनी कान कापून पोरांना द्यायचा, तर सुरी हातात धरून बसले आणि तशीच खाली ठेवली. पोरं वाट बघून उठून गेली. व्याह्यांचा भाऊ म्हणाला, "हल्ली सात बाप मोजतं कोण? शहरात तर लोक दोन मोजून थकतात." त्यावर आबा म्हणाले, "मग शहरातला बातीर शोधायचा होता. आमच्या घोड्यावर कशाला चढलात?" तुझी आई चहा ओतत राहिली, कप भरलेले असतानाही.

तालान उठून माझ्यामागे लोहारकामाच्या कारखान्यात आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "बाबा, माझे सात बाप मला माहीत आहेत. वसंतात सांगितले तेच." मी म्हणालो, "मग हे बाहेर जाऊन तुझ्या बापाला सांग, मला काय सांगतोस?" तो लाल झाला. "त्यांच्यासमोर माझा आवाज निघत नाही," म्हणाला. मुलगा खोटा नाही, मीरिम. पण हेही तुला माहीत असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही एकटेच आले, पायी. माझ्या ऐरणीवर बसले. ऐरणीवर कोणी बसत नाही, लोहाराच्या पोराला हे सांगावं लागत नाही. मी गिळलं. म्हणाले, "व्याही, व्हिडिओ सगळ्या जिल्ह्यात गेलाय. आता शब्द फिरवला तर लोक माझ्या कबरीवर येऊन हसतील. तुमचं काय जातंय? तुम्ही थोडेच निवडणूक लढवताय!" मी म्हणालो, त्याच चौकात, त्याच म्हाताऱ्यांसमोर म्हणा की बोलण्याच्या भरात जीभ घसरली. मी तुमच्या शेजारी उभा राहीन. लोक एक हिवाळा हसतील, पुढच्या हिवाळ्यात त्यांना दुसरा कोणी मिळेल. ते म्हणाले, "एका हिवाळ्यात निवडणूक जाते." आणि मग खिशातला हात बाहेर काढून ज्यासाठी आले होते ते बोलणं त्यांनी काढलं.

ते तुला सांगतील की लग्न तुझ्या बापाने मोडलं, आणि त्यात खोटं काही नसेल. म्हणून माझ्याकडूनच आधी ऐक. सासरी पाठवायच्या तुझ्या रजयांची पेटी आईने अजून उघडलेली नाही, मेजवानीच्या मेंढ्या अंगणातच बांधलेल्या आहेत. तू आणि तालान शहरात जाऊन लग्नाच्या नोंदणीवर सही करून आलात तर फाटक उघडंच असेल, फक्त आशीर्वाद देणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मी बसणार नाही. व्याह्यांचं म्हणणं असं होतं: मेजवानीत सगळ्यांसमोर मी उठून सांगायचं, की माझा पणजोबा बेकतूरचा मुलगा नव्हता. जळालेल्या किल्ल्यात सापडलेलं ते कोणाचं तरी अनाथ पोर, बातीरने दया येऊन वाढवलेलं. मग बातीर त्यांचा, रक्त वेगळं, लग्न चोख. जोड कुठे दिसणार नाही असं काम होतं ते, आणि जोड मला कळतात. मी लगेच नाही म्हटलं नाही. भाता थांबवला, तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणला. त्या एका वाक्याचे ते देत होते पंधरा लाख सोम रोख, आणि ठरल्या दिवशी तुझं लग्न. मी दोन्हींना नाही म्हणालो.

तुझाच बाप,
कुबात