वरचा बाण

सोमवार, ३ नोव्हेंबर

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. शुभारंभ तीनही गोष्टींचा एकाच दिवशी केला. मुहूर्ताचा खर्च वाचला.

खोली हर्सूलला, तळ्याच्या अंगाला. किल्ली देताना घरमालकीण सारजाबाईंनी सांगितलं की मागं जेल हाय, तवा चोराचं भ्या धरू नका, सगळे आतच हायेत. या तर्कात दोष काढायचा मोह मी आवरला.

कारखाना चिकलठाण्याला. दुचाकीला लागणारे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसवर ठोकतो. 'आम्ही' म्हणजे ते; मी वर काचेच्या खोलीत डेटाबेस सांभाळणार. संस्कृतचा एम. ए. हे कसं करतो, असं व्यवस्थापक सर्जेरावांनी विचारलं. म्हटलं, धातुरूपं पाठ केलेल्या माणसाला पुढं कशाचीच भीती उरत नाही. ते हसले नाहीत. पण पगाराच्या आकड्यावर घासाघीसही केली नाही.

देखभालीची अभियंता मोनाली हिनं शॉप, म्हणजे प्रेसची खालची शेड, फिरवून दाखवला. प्रत्येक प्रेसपुढं किरणांचा एक अदृश्य पडदा असतो. हात त्यात गेला की वरून येणारा घण जागच्या जागी थांबतो. पडदा चालू की बंद, हे कुण्या महाभागानं डेटाबेसात ठेवलंय: प्रेसमागं एक ओळ, एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. म्हणजे खाली लोकांचे पंजे आणि वर माझं बोट, असं तिनं चहा ढवळत सांगितलं. पडदा बंद केला की ठोके वाढतात, म्हणून सर्जेरावांना तो फारसा आवडत नाही.

सात नंबरवर कडुबा आहे, पिशोरचा. जन्म प्रेसवर गेला तरी दहा बोटं शाबूत, म्हणून शॉपमध्ये त्याला 'दहापैकी दहा' म्हणतात. विनोद झाला की तळहात पुढं करून म्हणतो, द्या टाळी गुरुजी! आणि टाळी अशी वाजवतो की आपल्या हाताची आग जेवणापर्यंत जात नाही.

माझ्या आधीचे नानासाहेब का गेले, हे विचारलं. सर्जेराव म्हणाले, तब्येत. कडुबानं हात तेवढे पाठीमागं नेले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आजचा दिवस एका विसराळू खिडकीपायी गेला.

डेटाबेसशी बोलायची काळी खिडकी असते; तिच्यात आज्ञा लिहायची आणि एंटर मारायचा. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते, पुन्हा दाबला की त्याच्याही मागची. आमच्या धंद्यात तीच आज्ञा दुसऱ्यांदा टाइप करणारा एक तर नवशिका असतो नाही तर साधुपुरुष. बाकीचे बाण दाबतात, एंटर मारतात आणि चहा मागवतात. इथली खिडकी मात्र बंद करून उघडली की सगळं विसरते.

डिस्क भरली नव्हती. फाइलीवर लिहायचा हक्क होता. मांडणीतही खोट नव्हती. दुपारी उलगडा झाला: आज्ञांची आठवण ठेवणारी ती फाइल फाइलच नव्हती. तो दुवा होता, यंत्रातल्या शून्याकडं नेणारा. प्रत्येक सर्व्हरमध्ये असा एक खड्डा असतो, त्यात काहीही टाका, नाहीसं होतं. नानासाहेबांनी आपल्या प्रत्येक आज्ञेला जन्मतःच तिलांजली द्यायची सोय केली होती.

मी दुवा काढला. साधी फाइल ठेवली. खिडकी बंद केली, उघडली, वरचा बाण दाबला. शेवटची आज्ञा आज्ञाधारकपणे हजर! स्मृतिभ्रंश बरा केल्याचं कडुबाला सांगितलं. त्याला काही कळलं नाही, टाळी मात्र मिळाली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फाइलीत मी न लिहिलेल्या आज्ञा आहेत.

मराठीत सांगायचं तर अशा: प्रेस २, पडदा बंद. प्रेस २, पडदा चालू. प्रेस ५, पडदा बंद. पानंच्या पानं. आधी वाटलं, सामायिक खातं आहे, कुणी गंमत करतंय. पासवर्ड बदलला. ओळी वाढतच राहिल्या. मग सर्व्हरची स्वतःची नोंद काढली. तिच्यात या सगळ्या आज्ञा सापडल्या, गेल्या वर्षीच्या, नानासाहेबांच्या हातच्या. मोनालीनं अपघातांच्या तारखा वाचल्या. बंद, आणि त्याच दिवशी एकाचं बोट. बंद, दोघांची बोटं. बंद, अख्खा पंजा. तिनं वाचणं मध्येच थांबवलं.

म्हणजे सर्जेराव सांगत, नानासाहेब पडदा उचलत, आणि पुरावा शून्यात जाई. इथपर्यंत माणसांचं पाप आहे, ते समजतं. पण शून्यात टाकलेलं परत कसं आलं? खड्ड्याला तळ नसतो, म्हणूनच तर तो वापरतात.

अगदी शेवटची ओळ: प्रेस ४, पडदा बंद. ही सर्व्हरच्या नोंदीत नाही. म्हणजे ती अजून कुणी दिलेलीच नाही. नैयायिक याला प्रागभाव म्हणतात: जे व्हायचं आहे, त्याचं अजून नसणं. शास्त्राचा असा रोकडा उपयोग पाहून बरं वाटलं. ओळ पुसून घरी आलो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे कालच्या उत्पादनाची मोजणी. आज्ञा कालचीच असते. वरचा बाण, एंटर. नजर चहाच्या कपावर होती.

खिडकीनं उत्तर दिलं: एक ओळ बदलली.

मोजणीला असं उत्तर येत नाही. मोजणी काही बदलत नाही. मी वर वाचलं. प्रेस ४, पडदा बंद.

उलटी आज्ञा टाइप करायला घेतली. 'चालू'पर्यंत पोचलो तेव्हा खालून ठोका ऐकू आला. पत्र्यावरच्या ठोक्याहून मऊ.

सत्यम. चार नंबरवर नवीनच लागलेला पोरगेला गडी. उजवा पंजा मनगटापासून गेला. डायनं, म्हणजे प्रेसमधल्या साच्यानं, त्याचा भाग करून टाकला होता: कंसासारखा एक बाक, दोन भोकं, कडा साफ. डॉक्टरांनी पंजा घेऊन या म्हणून सांगितलं, तेव्हा मोनालीनं डाय उघडून तो सोडवला. सत्यम शुद्धीवर होता. माझं घड्याळ त्या हातात होतं, ते कुठं गेलं, असं विचारत होता.

मी सर्जेरावांना सांगितलं की हे माझ्या बोटानं झालं. ते म्हणाले, मग तुमी बी गप बसा अन् आमी बी गप बसतो. नानासाहेबांनी आठवणी पुरायची सोय करून ठेवली होती, तुमाला कुणी उकरायला सांगितलं, बद्रीनाथराव?

शनिवार, ८ नोव्हेंबर

फाइलीची शेवटची ओळ: प्रेस ७, पडदा बंद.

सात म्हणजे कडुबा.

पुसली. परत आली. फाइलच उडवली. रिकाम्या फाइलीत ती एकटी बसलेली होती.

मोनालीनं प्रश्न विचारले नाहीत. सातचा पडदा ती डेटाबेसातून सोडवून थेट तारांवर घेणार आहे. लागणारे भाग गुरुवारी येतील. तोवर प्रेस बंद ठेवा म्हटलं, तर सर्जेराव म्हणे माल काय तुमचा शास्त्री ठोकणार? कडुबाला दुसऱ्या कामावर जा म्हणून विनवलं. तो म्हणाला, गुरुजी, सातवरून हटलो तर तिथं दुसरं लेकरू बसवतील. त्यापरीस माहे हात शहाणे हायेत. आणि ते शहाणे हात माझ्यापुढं धरले.

गुरुवारपर्यंत माझं बोट आवरायचं. एवढंच.

सोमवार, १० नोव्हेंबर

ठरवलं की बाणाला शिवायचं नाही. प्रत्येक आज्ञा मुळाक्षरांपासून टाइप करायची, साधुपुरुषासारखी.

बोट जातं. इतक्या वर्षांची सवय. मी वाचत असतो आणि बोट आपलं आपण वर सरकतं. मग खिडकीत ती ओळ, आणि करंगळी एंटरकडं. दुवा पुन्हा शून्याला जोडून पाहिला. शून्यही आता तीच ओळ परत करतं. स्क्रू-ड्रायव्हरनं बाणाचं बटणच उपटून काढलं. तर बोटांनी मागच्या आज्ञेची दुसरी वाट धरली, दोन बटणं एकदम दाबायची, जी मी कॉलेज सुटल्यावर कधी वापरलेली नाही.

लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या बोटांवर आपटलं. दोन नखं काळी.

मोनालीला खातं बंद करायला सांगितलं. चावी सर्जेरावांकडं आहे. ते म्हणाले, मग मोजणी कोण करणार?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज करंगळी एंटरवर टेकली. दाबायच्या आत मी ती दातांत धरली. हाड लागेपर्यंत. कीबोर्डवर रक्त. मी हसत होतो की ओरडत, ते काचेबाहेरच्यांना कळलं नाही. मलाही नाही.

कडुबाला नानासाहेबांचं विचारलं. यावेळी बोलला. जेवणाच्या सुट्टीत ते खाली आले, सातचा पडदा बंद करूनच आले होते, उजवा हात आत ठेवला अन् पायडल दाबलं. कडुबाच्या डब्यात रक्त उडालं. नानासाहेब म्हणत होते, आता फिटलं. आता फिटलं.

पुढं काय, विचारलं. कडुबानं डबा आवरला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

विचार केला. नीट केला.

ओळीला एकदा घडायचं आहे. घडू दे. पण सातच्या खाली कुणाचा हात असावा, हे तिनं कुठं लिहिलंय?

जेवणाची सुट्टी झाली. कडुबा झाडाखाली. वरचा बाण — नाही, त्याची जागा — एंटर. एक ओळ बदलली. आता खाली जातो.

उजव्या हाताचं अक्षर तसं बरं होतं माझं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डावा हात. दवाखान्यातली खाट. अक्षर क्षमस्व.

वाटलं होतं त्याहून लवकर होतं. आधी आवाज, मग थंडी, मग आपली बोटं पत्र्यात, सपाट, अगदी ओळखीची. कडुबा धावत आला. त्यानं मला ओढलं. थोडा मी तिथंच राहिलो.

सातचा पडदा पुन्हा चालू झालाय, पण मोनालीचे भाग आले नाहीत. सर्जेरावांनी मागणीच रद्द केली होती. ती तपासनिसाला घेऊन सोमवारी दुपारी येणार. फॅक्टरीला सील लावणार. सोमवार दुपारपर्यंत.

रविवार, १६ नोव्हेंबर

कडुबा आला. काहीतरी विनोद केला मी. त्यानं सवयीनं हात पुढं केला. मग दोघंही बघत राहिलो. एका हातानं टाळी वाजत नाही, हे सुभाषित मी पुरवलं. तो रडला.

मग सांगितलं. नानासाहेब पुढच्या महिन्यात परत आले होते. डाव्या हातानं पण तेच होतंय म्हणाले. त्या खेपेला डोकं घातलं.

कडुबाला पाया पडून म्हटलं, उद्या जाऊ नको. म्हणे, मी न्हाई गेलो तर माह्या जागेवर सत्यमचा भाऊ लावणार हायेत. म्हणून जाणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळ

सर्जेराव आले. फळं आणली. आणि लॅपटॉप. खाटेवर उघडून ठेवला. म्हणे, मोजणी तेवढी. एका बोटाचं काम.

नको म्हणालो. ओरडलो. नर्स म्हणाली, हळू. ते गेले. लॅपटॉप मांडीवर. दूर ढकलता येत नाही, ढकलायला डावाच हात — तो ढकलत नाही —

खिडकी उघडीच. शेवटची ओळ. सात.

वही. डावा हात वहीवर असेल तर तिकडं नसेल. सोपं. दुपारपर्यंत लिहायचं. मोनाली निघाली असेल. काहीही लिहायचं. थांबायचं नाही.

कडुबा सातवर असेल. पहिली पाळी. दहापैकी दहा. तसेच राहू दे.

काय लिहू? तळं. सारजाबाई. जेलची भिंत. सगळे आतच हायेत.

हात दुखतोय. बोट उचलतंय. नाही. लिही. पाठ आहे ते लिही. लहानपणीचं.

भवति भवतः भवन्ति

भवसि भवथः भवथ

भवामि भवावः भवामः

पुन्हा. भवति भवतः भवन्ति भवसि भवथः प्रेस ७ पडदा — नाही — मी हे नाही लिहिलं — भवति भवतः — कडुबा, हात मागं घे, मागं — भवति प्रेस ७ प