संगमावरची आंघोळ

सर, काल माझ्या वर्गात तुमचे वडील सापडले. नववीतली एक मुलगी मोबाइल हातात धरून उठली आणि म्हणाली, "मॅडम, ह्यांचं गाव बघा, तुमच्या लहानपणच्या शाळेचं गाव हाय की." सांगलीतल्या शाळेत मी इतिहास शिकवते, हे तुम्हाला माहीत होतं, पण तुमचाच प्रकल्प मी दरवर्षी मुलांना देते, हे सांगायचं राहूनच गेलं. आपल्या भागातून दुसऱ्या महायुद्धात गेलेला आणि परत न आलेला एक माणूस नेटवर शोधा, आणि सापडेल ते तपासून घ्या. आताची मुलं बसल्या जागी शोधतात आणि तपासायचा मात्र कंटाळा करतात. मी तिच्या हातातला मोबाइल घेतला. तेच नाव, तीच ओळ. त्या मुलीनं पुढं एक प्रश्न विचारला, त्याचं नंतर लिहिते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी हे लिहायला बसले आहे. वरातीमागून घोडं, असं तुम्हीच म्हणाला असतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि तुमची निवृत्तीही जवळ आली होती. बाकीचे शिक्षक उरलेल्या रजा मोजत, आणि तुम्ही कुठूनशी इंटरनेटची माहिती काढून आणली होती. शिक्षकांच्या खोलीत तुमची थट्टा चालायची, "सरांना म्हातारपणी जाळ्यात अडकायची हौस." आपल्या शाळेत एकच कॉम्प्युटर, तोही कापड पांघरून बसलेला. फोनची लाइन नाही. मग तुम्ही सांगलीत सायबर कॅफे काढलेल्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्याला गाठलंत आणि दुपारची मोकळी वेळ आमच्यासाठी मागून घेतलीत. पानं फुकट बांधून देणारी एक साइट होती, तिथं आपल्या शाळेचं पान करायचं ठरलं. मराठी अक्षरं तिथं उमटत नव्हती, म्हणून आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं. वाचणाऱ्याची दमछाक होईल असंच ते पान होतं, पण आम्हाला त्याचा केवढा अभिमान. तुमचं वाक्य ठरलेलं, डस्टर टेबलावर आपटून सांगायचात: "पुराव्याशिवाय बोलायचं नाही, आणि पुरावा हातात असताना गप्प बसायचं नाही." हे वाक्य मी अजून माझ्या वर्गात वापरते. पहिला अर्धा भाग जोरात म्हणते.

गावच्या वेशीजवळच्या दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेली होती. त्यांची माहिती शोधून पानावर घालायची, तीच आमची यादी. त्या दगडावर तुमच्या वडिलांचं नाव नव्हतं. ते बेपत्ता झाल्याची तार आली होती, पुढं सरकारनं मयत धरून पेन्शनही सुरू केली, पण तुमच्या आईनं नाव कोरू दिलं नाही. "माणूस यायचाय," असं सांगून पाथरवटाला माघारी धाडलं, ही गोष्ट गावात पोराटोरांना ठाऊक होती. पेन्शन घेता आणि कुंकू लावता, असं कुणी टोचलं की म्हातारी म्हणायची, "पेन्शन सरकारची हाय, कुंकू माजं हाय."

त्या दुपारी आम्ही चौघं मुलं कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीनं बसलो आहोत. महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर यादीतली नावं टाकून झाली आहेत, काही सापडली, काही नाही. थोडा वेळ उरला आहे. मी आगाऊपणानं विचारते, "सर, तुमच्या वडलांचं टाकू?" तुम्ही हसता. "टाक की. नसणारच त्यात." पान वरून खाली सावकाश उलगडतं. नाव. पलटणीचं नाव. इटलीतलं कुठलंसं गाव. आणि खाली एक ओळ: अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार आपलं गाव, जिल्हा सातारा. तुमच्या आईचं नाव त्या काचेवर होतं. एरवी तुम्ही प्रत्येक ओळीचं मराठी करून सांगायचात, त्या दिवशी सांगितलं नाहीत. एका शब्दावर तुमचं बोट थांबलं, 'क्रिमेशन'. तो मला येत नव्हता. घरी जाऊन डिक्शनरीत पाहिला. माणूस बेपत्ता नव्हता. त्याचा देह मिळाला होता आणि कुणीतरी त्याला अग्नी दिला होता. प्रिंटरकडे माझा हात गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे राहू दे. पानावरही घालू नको."

परतताना कराडला एसटी बदलायची होती. तुम्ही आम्हाला म्हणालात, चला, कृष्णा-कोयनेचा संगम बघू. ऐन थंडीचे दिवस, सूर्य कलायला आलेला. घाटावर तुम्ही चपला काढल्यात, हातातलं घड्याळ माझ्याकडे दिलंत आणि शर्ट-पँटसकट सरळ पाण्यात उतरलात. पोरं खिदळायला लागली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर तुमचे दात वाजत होते आणि तुम्ही म्हणत होता, "लय उकडत होतं रं." एसटीत तुमच्या शेजारी कुणी बसेना. उतरताना मी घड्याळ परत दिलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आईला कुंकू पूस म्हणून मी कसं सांगू?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लांबच्या मरणाची बातमी कळली की ऐकल्याबरोबर, अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करतात. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या मरणाची आंघोळ तुम्ही आमच्या खिदळण्यात उरकली होतीत.

पुढच्या महिन्यात शाळेत प्रदर्शन भरलं. आपलं पान फ्लॉपीवर आणून शाळेच्या कॉम्प्युटरवर लावलं होतं आणि मला त्याच्याशेजारी उभं केलं होतं. तुम्ही पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत गेला होतात, तेव्हा तुमची आई आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती पडद्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "पोरी, आमचं मालक घावलं का गं ह्यात?"

मी म्हटलं, "नाही आजी."

"खोटं बोलतीस. सांगलीसनं आला तवा पोरगं निथळत हुतं. मला म्हनला, नदीत पाय घसरला. अंगावरच्या कापडासकट भिजलेला मानूस बघून मला कळत न्हाई व्हय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं माझंच तोंड पुसलं. "रडू नगंस. मला तवाच ठावं हाय. लढाई सरल्यावर शेजारच्या गावचा शिपाई आला हुता. त्येनंच आग्नी दिलता. म्या त्येला शपथ घातली, कुटं बोलू नगंस. पोरगं बारकं हुतं, रोज येशीवर जाऊन बसायचं बा येनार म्हनून. म्हटलं, थोरलं झालं की सांगू. थोरलं झालं तर त्योच मला धीर द्यायला लागला, आई, बा यील. मग कुनी कुनाला सांगायचं?"

"मग आता सांगा की आजी. सरांनाही कळलंय."

"आता तर न्हाईच. त्यो माजं कुंकू राखतोय, राखू दे. बापासाठी त्येला तेवढंच करता आलंय." आणि मग पडद्याजवळ वाकून म्हणाली, "माजं बी नाव हाय व्हय त्यात?" मी हो म्हटलं. ते पान त्या फ्लॉपीवर नव्हतं, पण तिनं काचेला हात लावला, तो काढायला मी सांगितलं नाही. तेवढ्यात तुम्ही आलात आणि म्हणालात, "आई, चल, चहा घे." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती तुमच्यामागून गेली.

तुमची आई वारली तेव्हा मी कॉलेजात होते. तुम्ही तिला हिरवं लुगडं नेसवलंत, चुडा भरलात, मळवट भरायला लावलंत. भावकीतलं कुणीतरी पुटपुटलं, सरकारदरबारी मयत लागलेल्याची बायको, तिला मळवट कसला. तुम्ही गरजलात, "माझ्या आईनं त्यांना कधी मयत मानलं नाही!" मी बायकांच्या घोळक्यात उभी होते, आणि सर, मला ओरडावंसं वाटत होतं की मानलं होतं, तुमच्या आधी किती वर्षं मानलं होतं. तुम्ही दोघं एका छपराखाली एकाच माणसासाठी निरनिराळ्या कोपऱ्यांत रडलात. एकदा तरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचा तुमचा हक्क होता. तुम्हा दोघांचं मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी दोघांचाही शब्द राखला. म्हातारीनं मला शपथ घातली नव्हती, नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. तो शपथेपेक्षा भारी पडला. पुरावा हातात असताना गप्प बसायचं नाही, हा अर्धा भाग तेव्हापासून माझ्या तोंडातून धड निघत नाही.

काल त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्यांच्या घरी कळवायचं का आपण?" मी म्हटलं, "घरी सगळ्यांना माहीत होतं गं." ती म्हणाली, "मग बरं झालं," आणि खाली बसली. बरं नव्हतं झालं. पण तास संपत आला होता.

हे पत्र टाकावं तर तुमच्या घराला आता कुलूप आहे. वहीतच राहील. एकच सांगते. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुमच्या नात्यातली मी कुणी नव्हे. तरी मोरीत गेले आणि साडीसकट अंगावर पाणी ओतून घेतलं. निथळत बाहेर आले तर नवऱ्यानं विचारलं, हे काय झालं? मी म्हटलं, नळ फुटला. त्यांनी बिचाऱ्यांनी पाना शोधून आणला आणि चांगला असलेला नळ बराच वेळ आवळत बसले. तो फुटला नव्हता, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.