पाहुणी फेरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तूही असशील असं धरून चालते. पुढे ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असं लिहायचं असतं, पण कारण एकच असतं तर लिहिलं असतं. थोडं थोडं करून सांगते.

आईला जाऊन सव्वा महिना झाला. तू आला नाहीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. लोक बोलले. त्यांना मी सांगितलं की तुला रजा मिळाली नाही. नऊ वर्षांत एकदाही रजा मिळत नाही अशी नोकरी तरी कुठली, हे विचारायची हिंमत फक्त सुतारकाकांनी केली. त्यांना मी चहा दिला.

शेवटच्या आठवड्यात आई सारखं तुझं नाव काढत होती. ‘त्याला बोलाव’ म्हणाली. मी पाठवलेला निरोप तुला मिळाला असेलच.

ती गेल्यावर घरात बसवेना. गेल्या सोमवारी शेडचं कुलूप काढलं आणि होडीवरची ताडपत्री ओढली. सुतारकाकांनी बुडाला सगळीकडे टकटक करून बघितलं, लाकूड ठणठणीत आहे म्हणाले. शिडं आईने घड्या घालून, मध्ये कागद घालून ठेवली होती, त्यांना काही झालेलं नाही. दोर मात्र पार गेलेत. शीड वर चढवायचा दोर ओढला तर तुटला नाही एवढंच, हाताला नुसता भुसा लागला. पुढच्या लहान शिडाचे दोन दोर वरून अगदी नव्यासारखे होते, पण बाबांनी शिकवल्याप्रमाणे पीळ उघडून आत बघितलं आणि तेही टाकले.

डोलकाठीच्या आतून नवा दोर कसा न्यायचा हे मी विसरले असेन असं वाटलं होतं. हात विसरले नव्हते. जुन्याच्या शेपटाला नव्याचं टोक शिवलं आणि हळूहळू ओढत गेले. जुना बाहेर येता येता नव्याला आत घेऊन गेला. एकटीच होते, तरी मोठ्याने ‘आला, आला’ म्हणाले.

मग टोकांना कडी करायला बसले. सुतारकाकांना सगळं पहिल्यापासून समजावावं लागलं. दोराचे तीन पेड सुटे करायचे, दोर वळवून कडं करायचं, मग ते पेड दोराच्याच पिळाखाली एकेकदा खोचायचे, की झाली एक फेरी. सुती दोराला तीन फेऱ्या पुरतात, या नव्या गुळगुळीत दोराला पाच लागतात. त्यातल्या चार एकाने घालायच्या आणि पाचवी दुसऱ्याने, म्हणजे प्रत्येक कडं दोन माणसांच्या नजरेखालून जातं. मगच वरून दोरा गुंडाळायचा. पाचवीला बाबा पाहुणी फेरी म्हणायचे हे ऐकून काका खूश झाले, म्हणाले, मग पाहुण्याला काहीतरी खायला द्या. त्यांची जाड बोटं पिळाखाली जाईनात, पण चिकाटीने सगळ्या पाहुण्या फेऱ्या त्यांनी घातल्या.

मोठ्या शिडाच्या आडव्या काठीचा दोर तेवढा राहिलाय. करीन सावकाश.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी निघण्याआधी तू काठीचा दोर बघितला होतास, तेव्हा नेमकं काय दिसलं होतं? उगाच विचारते आहे. वाटलं तर लिही.

हत्यारांच्या पेटीत माझी कात्री सापडली. तू पाडलेला दातरा अजून तसाच आहे.

तुझी,
ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. पत्र मिळालं. दोन दिवस न फोडता ठेवलं होतं.

तू उगाच विचारतेस, पण ते मी नऊ वर्षं रोज बघतो. कड्याच्या बुडाशी दोरा गुंडाळलेला होता. तुझा मेण लावलेला दोरा, शेवटी तुझी दुहेरी गाठ. दोरा आहे म्हणजे पाहुणी फेरी झाली, आणि ती मी घातलेली नाही म्हणजे बाबांनी घातली, असं मी धरलं. आपला अबोला चालू होता म्हणून तुला विचारलं नाही. होडीत बसताना बाबांनी विचारलं, “बघितलास ना रे?” मी म्हटलं, “बघितला.” त्या दोऱ्याच्या पुढे दोर झिजलेला होता तो मला दिसला नाही, कारण मी पीळ उघडून बघितलाच नव्हता.

परतताना वारा पाठीमागून होता. वळण घेताना काठी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते, ती जोरात जाऊ नये म्हणून दोर ओढून धरायचा, एवढंच माझं काम. बाबा खाली वाकून काहीतरी उचलत होते. माझ्या हातात दोर होता आणि पलीकडे काही नव्हतं. ते उठायला आणि काठी यायला एकच वेळ झाली.

आईने त्या संध्याकाळी एवढंच विचारलं, “तू बघितला होतास ना?” त्यानंतर मला तिच्यासमोर उभं राहता आलं नाही.

इकडे मी लिफ्टच्या तारा तपासतो. एकदा तपासून झालं की परत तपासतो, आणि जिना उतरून परत वर जातो. कामावर सगळे मला ‘परत एकदा’ म्हणतात. साहेबांनीही परवा त्याच नावाने हाक मारली.

रजेचं म्हणशील तर रजा होती. निरोप मिळाला त्याच दिवशी निघालो. आपल्या स्टेशनवर उतरून बाकावर दोन तास बसलो आणि उलट्या गाडीने परत आलो.

काठीचा दोर नीट बघून घे. माझ्यासारखं करू नकोस.

धाकटा


ता. २ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहिला होता, तो खोडला. द्यायचा अधिकार मला आहे की नाही ते तू वाचून ठरव.

तो दोर झिजला नव्हता आणि तुटलाही नव्हता. माझं कडं सुटलं. दोर गुळगुळीत होता, पाच हव्या होत्या, आणि मी तीनच फेऱ्या घातल्या होत्या.

अबोल्याचा तो चौथा दिवस. माझ्या कपडे बेतायच्या कात्रीने तू ओला दोर कापलास आणि वर म्हणालास, कात्री कापायलाच असते. तेवढ्यावरून सगळं. बाबांनी दुपारी काठीचा दोर माझ्याकडे दिला, खराब टोक कापून नवं कडं कर म्हणाले. तिसरी फेरी झाली आणि माझ्या मनात आलं, आता चौथी घातली की पाचवीसाठी त्याला हाक मारावी लागणार. मी का मारू? दोरा घेतला आणि गुंडाळून टाकला. वरून दोरा असला की खाली तीन आहेत की पाच हे कोणाला दिसत नाही. बाबांना वाटलं असणार पाहुणी फेरी तू घातलीस, तुला वाटलं बाबांनी. दुसऱ्या कुठल्या घरात कोणीतरी विचारलं असतं. आपल्या घरात दोरा दिसला की विचारायचं नसतं.

तू एकटा होडी घेऊन आलास. लोक बाबांना उचलत होते आणि मी दोराचं टोक बघत होते. तुटलेलं टोक पिंजलेलं असतं. हे तीन पेड सुटे होते, नीट, आणि वेणी सोडल्यावर केस राहतात तशा लाटा पडलेले. प्रत्येक पेडाला तीन लाटा. मी मोजल्या. बाबा समोर होते आणि मी लाटा मोजत होते.

तेवढा तुकडा मी त्याच कात्रीने कापला, शेडमधल्या चिंध्यांच्या पिंपात टाकला आणि उरलेलं टोक नखांनी पिंजलं. कडं गेलं कुठे असं कोणी विचारलं नाही, विचारलं असतं तर पाण्यात पडलं म्हणाले असते. झिजून तुटला, असं पहिल्यांदा मीच म्हटलं. तुझ्याविरुद्ध मी एक शब्द बोलले नाही, अशी मी नऊ वर्षं स्वतःची समजूत घालत आले. वेगळं बोलायची गरजच नव्हती. आईने तुला विचारलं तेव्हा मी तुमच्या दोघांच्या शेजारी उभी होते. तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि मग तू निघून गेलास, आणि दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं. मी भेकड आहे, धाकट्या. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

आई ‘त्याला बोलाव’ म्हणाली असं मी तुला लिहिलं. ते अर्धंच लिहिलं. ती म्हणाली, “त्याला बोलाव. खरं सांगून बोलाव.” मला वाटलं, दुखणं लपवू नकोस म्हणतेय. म्हणून निरोपात डॉक्टर काय म्हणाले ते सगळं खरं लिहिलं. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तिचं कपाट आवरायला घेतलं, तर खालच्या कप्प्यात बाबांचा रुमाल होता, चार घड्या घातलेला. आत तो तुकडा.

आईने आयुष्यभर शिडं शिवली, आणि माझी वेणी मी मोठी होईपर्यंत तिनेच घातली. त्या लाटा काय आहेत हे तिला कोणी सांगायला नको होतं. पिंपातून तो तुकडा तिने कधी काढला, मला माहीत नाही. मी आपणहून सांगेन म्हणून ती वाट बघत राहिली, आणि मी तिला वेळेवर औषध देत राहिले. तिने तुला का कळवलं नाही, याचा कधी कधी मला संताप येतो. मग वाटतं, घरात एकच मूल उरलं होतं, तेही कसं घालवायचं असं तिला झालं असेल. माझ्यासाठी तिने तुला सोडलं. हे मला कळलं आहे आणि आता ते घेऊन मला जगायचं आहे.

बाबा गेले ते माझ्या रागापायी, आणि तो राग चार दिवसांचा होता. आईची आणि तुझी भेट मात्र मी नऊ वर्षं, रोज, शांत डोक्याने चुकवली. तू स्टेशनवर बाकावर बसला होतास तेव्हा ती जागी होती. दाराकडे तोंड करून निजवायला सांगितलं होतं तिने. हे न लिहिता राहिले असते तर तुला कमी लागलं असतं, पण तुझ्यापासून लपवायचं मी आता थांबवलं आहे.

सुतारकाकांना काल सगळं सांगितलं. ते चहा न घेता गेले. आज पाणवठ्यावर सगळ्यांना कळलेलं होतं. बरं झालं. तू आलास तर तुला मान खाली घालून यावं लागणार नाही.

पत्राबरोबर पार्सल आहे. रुमाल आहे तसाच ठेवलाय, लाटा तूच मोज. कात्रीही आहे, ती तुझ्याकडेच राहू दे. आणि काठीचा नवा दोर आहे. कड्याच्या चार फेऱ्या मी घातल्या आहेत. पुढचे पेड मोकळे सोडलेत, दोरा गुंडाळलेला नाही. पाचवी घालावीशी वाटली तर घाल आणि दोर घेऊन ये, किंवा नुसता पाठव. नको वाटलं तर चारही उसवून टाक, तेही मला कळेल. होडी तोवर शेडमध्येच राहील. दुसऱ्या कोणाकडून मी पाहुणी फेरी घालून घेणार नाही.

घातलीस तर आधी पीळ उघडून माझ्या चारही फेऱ्या मोज. मी चार म्हणते म्हणून चार धरू नकोस.

तिसऱ्या फेरीवर उठून गेलेली,
तुझी ताई