हाकेचं पान

फलोदी, राजस्थान
१० डिसेंबर

दादा,

आणि "एवढ्याशा गोष्टीचा कशाला बाऊ करतोस रं" असं तू प्रकाशनानंतर फोनवर म्हणालास ना, ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तुला पुस्तक विकायचं आहे, खुशाल विक. पण माझं नाव त्या पानावर आलं ही एवढीशी गोष्ट नाही, आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आबांच्या माघारी हाक तू घालतोस, मी नाही.

रीतीप्रमाणं आधी नमस्कार लिहायचा असतो, तो आता लिहितो. तुला, मायला, वर्षा वहिनीला नमस्कार. मायचा गुडघा कसा आहे? इकडं थंडी लई आहे, पण काम बरं आहे. सोलरच्या काचा धुवायच्या. गावाएवढ्या पसरलेल्या काचा, एका ओळीमागं दुसरी ओळ. टँकर येतो, आम्ही पाइप ओढत, ब्रश मारत पुढं सरकतो. शेवटची ओळ होईस्तोवर पहिलीवर धूळ बसलेली असते. मला एका जागी बसवत नाही हे तुला माहीत आहे. मेंढरांमागं हिंडलो, वाळूच्या ट्रॅक्टरवर राहिलो, आता इथं. इथून पळून जावं असं अजून वाटलं नव्हतं.

अक्षर सहावीतलंच आहे, लावून वाच.

पुस्तकाला मी हसलो होतो. "धनगराचं पुस्तक कोण वाचणार, मेंढरं?" असं म्हणालो होतो. पण तू आबांच्या ओव्या एकेक आठवून लिहिल्यास, मायला रोज संध्याकाळी "पुढची ओळ काय गं" म्हणून छळलंस, गेवराईच्या प्रेसला चकरा मारल्यास, हे सगळं वहिनी सांगायची. तेव्हा छपाईचे पैसे मी आपणहून पाठवले. तू म्हणालास, आभारात तुझं एकट्याचं नाव घालतो. मी म्हणालो, घाल. मला बरं वाटलं होतं.

पुढं जे झालं ते प्रेसमुळं झालं, हे मला मान्य आहे. पानं सोळा-सोळाच्या फर्म्यात बसतात, आभाराचं एक पान वाढलं तर आख्खा फर्मा वाढतो, खर्च वाढतो. तू म्हणालास, मग आभार आधीच्या पानाच्या तळाला घ्या. आधीचं पान हाकेचं, घरातल्या गेलेल्यांच्या नावांचं. वर 'आभार' हा शब्द टाकायचा त्यांचा राहिला, आणि माझं नाव पणज्याच्या, आज्याच्या, साखराआजीच्या, आबांच्या खाली जाऊन बसलं. त्याच टाइपात, त्याच रांगेत. तू फोटो पाठवलास तेव्हा मी बी हसलो. म्हणालो, पैसे दिले आणि मेलो.

आता हसू येत नाही.

दादा, पुस्तक निघाल्यापासून तू हाक वाचून घेतोस, घालत नाहीस. म्हणून आबा जे सांगायचे ते तुलाच परत लिहितो. दिवाळीनंतर मेंढरं बाहेर चरायला काढायची, त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला हाक घालायची. घरातल्या गेलेल्या माणसांनाच फक्त. एकेका नावाला एक दगड, दगडाखाली सव्वा रुपया. का, तर बाबांनो, वर्षभर मेंढरांसंगं चला, लांडगं राखा. सकाळी दगड उचलून बघायचं. पैसा जाग्यावर असला तर तो माणूस येऊन बघून गेला. पैसा नसला तर तो संगं निघाला. आणि हाक सुरू झाली की मधी थांबवायची नाही.

त्या संध्याकाळी माय आपल्याला नावानं हाक मारायची नाही, आठवतं? "ए थोरल्या, ए धाकट्या" एवढंच. उजाडेपर्यंत जित्या माणसाचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. मी एकदा तुला "भागवत" म्हणालो तर आबांनी माझ्या तोंडावर फटका दिला होता. आबांनी मला मारलेलं ते तेवढंच.

तर प्रकाशन. सरपंच, शाल, नारळ, तुझ्या फोटोचा फ्लेक्स. व्हिडिओ मी दोनदा बघितला. भजनातल्या माऊलीला चष्मा लावून गाता येत नाही आणि चष्मा काढून वाचता येत नाही, तरी त्यालाच तू पुस्तक दिलंस, कारण गळा त्याचा चांगला. तो एका लयीत वरून खाली गात गेला आणि माझं नाव बी गाऊन मोकळा झाला. लोक हसले. कुणी तरी म्हणालं, "आरं, धाकटा तर राजस्थानात काचा पुसतोय." तू बी हसलास. पण मधी थांबवलं नाहीस.

त्याच दिवशी, सूर्य काचांच्या पलीकडं टेकला होता तेव्हा, मी पाइप गुंडाळत होतो. मागून मला नावानं हाक आली. मला वाटलं अंगद आहे, तलवाड्याचा, ट्रकवरचा. मागं बघितलं तर कुणी नाही. नुसत्या काचा. म्हणलं, वारा असेल. गप बसलो.

मग तू गेवराईच्या बाजारात घोंगडीवाल्याशेजारी पोतं अंथरून बसलास. चार पुस्तकं गेली, त्यातलं एक भज्याच्या गाड्यावर गेलं, असं तूच हसत सांगितलंस. तुझा आवाज पडला होता दादा. मला लई वाईट वाटलं. म्हणून तू चकलांब्याला कार्यक्रम धरलास तेव्हा मी काही बोललो नाही. मीच म्हणालो, खऱ्या मेंढवाड्यात घे, खरे दगड मांड, लोकांना बघायला बरं वाटेल. वहिनीनं पुस्तकातली नावं मोजली, तेवढे दगड मांडले, मायच्या पिशवीतले जुने चार आणे एकेक रुपयासंगं खाली ठेवले. मोजताना शेवटचं नाव मेलेल्याचं नाही हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं पानावर होतं तेवढं केलं.

दुसऱ्या दिवशी तुझा व्हॉइस आला. तो मी जपून ठेवलाय. तू म्हणतोस, "आरं, तुला काय सांगू. माऊलीनं तुझं नाव घेतलं अन् बसलेली सगळी मेंढरं उठली. सगळ्यांनी तोंडं वरच्या अंगाला केली, तुझ्याकडं. एक बी वरडंना. लोकांच्या अंगावर काटा आला. होती तेवढी पुस्तकं तिथंच संपली बघ." मग तू हसतोस. मग म्हणतोस, "अन् सकाळी एक सव्वा रुपया कमी भरला. पोरांनी उचलला आसंल."

त्यानंतर माझा फोन तुम्हाला लागत नाही. म्हणजे लागतो. वहिनी उचलते. मला तिचा आवाज येतो, चुलीतलं लाकूड तडतडतं त्याचा बी येतो. मी बोलतो. ती म्हणते, "हॅलो, कोण हाय? अवो, बगा जरा, नुसतीच मेंढरं वरडल्यावानी ऐकू येतंय." आणि ठेवते. चार वेळा असंच झालं. मेसेज टाकले ते एका टिकवर अडकलेत. पण तुझं स्टेटस मला दिसतं. तलवाड्याचा फ्लेक्स दिसला. 'ज्या हाकेला मेंढरं उठून उभी राहिली, ती हाक स्वतः ऐका. रविवारी. लाउडस्पीकरची सोय.' खाली पुस्तकाची किंमत.

म्हणून पत्र लिहायला बसलो. अंगद परत निघालाय, गेवराईवरूनच जाणार आहे. रविवारच्या आत तो हे तुझ्या हातात देईल. वाटेत कुणाकडं देऊ नको म्हणून सांगितलंय. तो माझ्याशी बोलला, माझा चहा प्याला, उरलेली बिडी माझ्याकडून घेतली. हे मुद्दाम लिहितो.

दादा, आबा आणखी एक सांगायचे, ते तू पुस्तकात घेतलं नाहीस. नवा माणूस पहिल्या हाकेला ऐकतो, दुसरीला वळतो, तिसरीला कायमचा निघतो. तू म्हणशील ते मेलेल्यांचं आहे. मी बी तेच म्हणत होतो.

इथं कुंपणापलीकडून रोज मेंढरं जातात. इथल्या लोकांची, काळ्या तोंडाची. आधी मी त्यांना ओळखत नव्हतो आणि ती मला ओळखत नव्हती. चकलांब्याच्या दुसऱ्या दिवशी कळप माझ्यासमोर आला आणि थांबला. चरायचं सोडून सगळ्यांनी तोंडं माझ्याकडं केली. मी चार पावलं सरकलो, ती बी तेवढीच वळली. त्यांचा म्हातारा मेंढका काठी टेकून माझ्याकडं बघत राहिला. मग हिंदीत म्हणाला, "भाई, तुझे कोई बुला रहा है. जाना मत." पुढं त्याच्याशी बोलायला गेलो तर त्यानं मान फिरवली आणि कळप हाकला. रोज तेच होतं. आता ते दुरून वळसा घालून नेतात.

आणि काम करता करता माझी ओळ चुकते. मुकादम ओरडतो तेव्हा कळतं की मी पाइप टाकून खालच्या अंगाला, तुमच्याकडं, चालत कुंपणापाशी आलोय. काचांवरून चालल्यासारखा पायाला गारवा लागलेला असतो. मला चाललेलं आठवत नाही. काल मुकादमानं हजेरी घेतली, मी समोर उभा होतो, त्यानं वहीत माझ्या नावावर बोट ठेवलं आणि ते न घेताच खालच्या नावावर गेला. मी "हाय की" म्हणालो. त्यानं वर बघितलं, म्हणाला, "अरे, तू कब आया?"

तू भिऊ नकोस. मायला हे वाचून दाखवू नकोस. मी तुझ्यावर रागावलेलो बी नाही. तुझं पुस्तक चालावं असं मला मनापासून वाटतं. आबांच्या ओव्या कुणाच्या तरी घरात राहतील. तुझ्या जागी मी असतो तर मी बी तो फ्लेक्स लावला असता, कारण चार पुस्तकं विकून पोतं गुंडाळून घरी येणं मला जमलं नसतं. पण आधी एक काम कर. उरलेल्या आणि नव्या सगळ्या पुस्तकांत हाकेच्या पानाच्या तळाला कागदाची पट्टी चिकटव. माऊलीच्या हातातल्या पुस्तकात सगळ्यात आधी. त्याला सांग, आबांच्या नावाला थांब. लोक म्हणतील मेंढरं का उठली नाहीत. म्हणू देत. पैसे परत मागितले तर दे, मी भरून देतो.

ते नाव मी या पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, बघितलंस का? तू बी घेऊ नकोस. मायला सांग, एकदा अंगणात येऊन, दिवसाउजेडी, वरच्या अंगाला तोंड करून मला "ए धाकट्या" म्हण. तेवढं मला ऐकू आलं तर मी इथं बसेन. बसवत नसलं तरी बसेन.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. इतका वेळ दुसरंच लिहीत राहिलो.

चकलांब्याच्या दिवशी मी पहिल्यासारखा गप बसलो नाही. मागून हाक आली. आवाज माऊलीचा नव्हता दादा. आबांचा होता. मेंढरं वळवताना मला लांबून मारायचे तसाच, शेवटचं अक्षर ओढून. इतक्या वर्षांनी. मला विचार करायला सुचलंच नाही. मी "ओ" म्हणालो.

सकाळी सदरा झटकला आणि खिशातून पैसे पडले. एक रुपया आणि चार आण्याचं एक नाणं. चार आणे बंद होऊन किती वर्षं झाली, इथं ते कुणाकडं असायचं कारण नाही. त्याला भोक आहे. लहानपणी मला ताप यायचा तेव्हा माय काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधायची, तेच. कडेला माझे दात लागलेले आहेत. मायला दाखवलंस तर ती ओळखेल, म्हणून दाखवू नकोस. पोरांनी उचलला नव्हता.

मी तो खर्चलेला नाही, कुणाला दिलेला नाही, मुठीत धरून झोपलेलो नाही. कागदात गुंडाळून ठेवला होता. मी संगं निघालेलो नाही, एवढंच तुला कळावं म्हणून अंगदच्या हाती देतोय. तू तुझ्या हातानं मायच्या पिशवीत परत टाक, आणि रविवारी शेवटचा दगड मांडू नकोस.

तुझा
धाकटा

सोबत: सव्वा रुपया.