मावशीचे रक्त आणि त्या पेशी

गुरुवार, सायंकाळ. जे. पी. नगर

आज मावशीच्या रक्ताने त्या पेशींना परके मानले नाही. लिहितानाही विश्वास बसत नाही.

मावशी डायलिसिसवर आहे. सख्ख्या भावाचे मूत्रपिंडसुद्धा तिच्या रक्तातील प्रतिपिंडांनी चाचणीतच नाकारले. म्हणून तिच्या संमतीने तिचे रक्त आमच्या प्रयोगशाळेत आणले आणि जनुके बदललेल्या डुकराच्या पेशींवर तपासले. आपले रक्त ज्या शर्करांवरून डुकराची पेशी ओळखते, त्या शर्कराच ज्यांनी काढून टाकल्या, त्यांची बुद्धी केवढी सूक्ष्म असेल! बहुतेक पेशी जिवंत राहिल्या. माझ्या मार्गदर्शक सुमाअक्का बेळगावच्या. त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. हे नळीतलं झालं, माणसातलं अजून लांब आहे." खरे आहे. पण जिवंत राहिल्या!

मावशीला सांगावे कसे? चातुर्मासात कांदाही न खाणारी ती. संमती देताना 'डुक्कर' हा शब्द तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. उद्या खरोखरच डुकराचे मूत्रपिंड बसवायची वेळ आली आणि ती नको म्हणाली तर?

ती पोळ्या करीत असताना चाचरत सांगितले. तिचे लाटणे थांबले.

"दादाचं जमलं नाही, आणि याचं जमतंय? चिडेल बघ दादा!" म्हणत ती खळखळून हसली. मग गाईसाठी काढलेल्या पोळीवर तिने आणखी एक पोळी ठेवली.

"खाईल गायच," ती हळूच म्हणाली, "पण ही त्या पेशी देणाऱ्या जिवाच्या नावाची."