रेबवारच्या झाडाची मायफळं

गुलान, बानेच्या वर
१९ मुर्दाद

चि. रेबवार यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तू खुशाली कळवत नाहीस, म्हणजे तूही बराच असशील असं धरून चालते.

यंदा ओकांवर मायफळं लगडली आहेत. अजून निळसर, घट्ट आहेत, म्हणजे आतली माशी झोपलेली आहे. ऊन असंच तापलं तर ती इवलीशी गांधीलमाशी पोखरून बाहेर पडेल, आणि भोकाच्या पांढऱ्या फळाला कातडी कमावणारेही नाक मुरडतात. माझं झाड मी उतरवीन. तुझं दरवर्षीसारखं तुझ्यासाठी राखीन. झऱ्यावरच्या बायका विचारतात, तुझा भाऊ तेहरानात बसून इथे माशा पाळतो का.

शेजारचे म्हातारे माम रसूल वसंतात गेले. परवा जावयाने त्यांचं झाड उतरवलं, सगळा गाव उभा होता, हलवा वाटला. जन्माला आल्यावर आपल्या नावाने राखलेल्या झाडाला दुसऱ्याचा हात लागतो तो असा, माणूस गेल्यावरच. मला तिथे उभं राहवेना. तू चार दिवस ये. तुझ्या तेहरानी बायकोलाही आण. तिच्या चहाला मी नावं ठेवणार नाही, निदान तोंडावर तरी.

आई गेल्यापासून या घरात कोणी येत नाही रे. मी बकरीशी बोलते, तर तीही मध्येच उठून जाते.

लोभ असू दे, आणि असला तर दिसू दे.
तुझी दादे,
चीमन

तेहरान
२ शहरीवर

ती. दादेस,
रेबवारचा सलाम. पत्र पोचलं. फरजानेने विचारलंय, पाठीमागे दादे चहाला काय म्हणणार आहे ते आधी कळवा.

दादे, यंदा जमत नाही. शाळा उघडायच्या आत पुस्तकं छापून द्यायची आहेत आणि मुकादम रजेचं नाव काढू देत नाही. पुढच्या वर्षी नक्की.

एक मात्र केलं आहे. बानेहून तुमच्याकडे मीठ आणि चहा घेऊन येणाऱ्या फत्ताह खेचरवाल्याला निरोप धाडलाय. तो माझं झाड उतरवून पोतं तुझ्या दारात ठेवील, हे पत्रही तुला त्याच्याच हातून मिळेल. तो खालच्या सपाटीचा, पण कामाला चोख. चांगला माल माशांना किती वर्षं सोडायचा? जिवंत माणसाच्या झाडाला कोणी हात लावला म्हणून आभाळ कोसळत नाही. तुलाही वाट बघण्याचा ताप नको.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
रेबवार

गुलान
२० शहरीवर

चि. रेबवार यास,
उदंड आयुष्याचा आशीर्वाद. या वेळी तो मुद्दाम लिहिते आहे.

फत्ताह पहाटेच येऊन तुझं झाड उतरवून गेला. मी बकऱ्यांमागे होते. झऱ्यावरच्या बायकांनी रिकामं झाड पाहिलं आणि कोणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मी घरी आले तर सगळ्या काळी ओढणी घेऊन दारात. माम रसूलची विधवा खजे माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मला वाटलं, तेहरानहून बातमी आली आणि मलाच सांगितली नाही. मी इतकी रडले की आईच्या वेळीही रडले नसेन.

मग उंबऱ्याशी पोतं दिसलं, वर तुझं पत्र. तंदूरमागे जाऊन वाचलं. तू जिवंत होतास, पुस्तकं छापत होतास. सांगायला बाहेर आले तर घर माणसांनी भरलेलं. कोणी चूल पेटवलेली, कोणाचं पोर तुझ्या गादीवर झोपलेलं, खजे तू लहानपणी हौदात पडलास ते सांगत होती आणि सगळ्या रडता रडता हसत होत्या. मी पत्र बाहीत सारलं आणि त्यांच्यात जाऊन बसले.

रीतीप्रमाणे तीन दिवस लोक आले. तुझं एवढं कौतुक तू इथे असताना कधी झालं नव्हतं. मला फार बरं वाटलं, रेबवार. लाज वाटते, पण वाटलं.

आता सगळे आपापल्या घरी गेलेत. काल खजेला खरं सांगून पाहिलं, पत्रही पुढे केलं. तिने न वाचताच त्याची घडी घातली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, होतं असं सुरुवातीला.

तेव्हा तू जिवंत आहेस हे गावाला दाखवायला तुलाच यावं लागेल. नाही आलास तर मीही त्यांच्यासारखीच समजूत करून घेईन. रडून तर झालंच आहे.

लोभ होता, आहे.
तुझी दादे,
चीमन